गायीची बाटली, कुत्र्याचा डोस

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. घर गावाकडे, गोठ्यात तीन गायी, दारात एक कुत्रा. गायींच्या जंतांसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची बाटली अर्धी शिल्लक आहे. कुत्रा बारीक होत चाललाय, जंतच असणार असं घरच्यांना वाटतंय. तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं तर अर्धा दिवस जातो. मग त्याने स्वतःच हिशोब मांडला: गाय ३०० किलोची, तिला ६ मिली. कुत्रा १५ किलोचा, म्हणजे विसावा हिस्सा, ०.३ मिली. बरोबर आहे ना? देऊ का?

हिशोब अगदी बरोबर आहे. साधं त्रैराशिक आहे, शाळेत गुरुजींनी दहापैकी दहा दिले असते. "देऊ का" या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या त्रैराशिकात नाही. ते सापडायला माणसांना वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात बरीच कुत्री गेली. आजचा एपिसोड त्या वीस वर्षांचा.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. जंतांवर काहीतरी कडू, जहाल द्यायचं आणि ते बाहेर पडतात का बघायचं, ही पद्धत जुनीच. कुत्र्यांच्या फीतकृमीवर तर एके काळी चक्क सुपारी चालायची. आपली पानातली सुपारी! तिच्यातलं अरेकोलीन आतड्याला असं काही पिळवटतं की कृमींसकट सगळं बाहेर. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कुत्र्यांना हे अरेकोलीन देण्याची सरकारी मोहीमच होती. १९२१ मध्ये मॉरिस हॉल नावाच्या अमेरिकन पशुवैद्यकाने कुत्र्यांमधल्या अंकुशकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइड वापरून पाहिलं. म्हणजे कपडे ड्रायक्लीन करायला आणि आग विझवायला वापरायचे तेच द्रव्य. कृमी मेले. मग ते माणसांनाही दिलं गेलं, आणि कृमींबरोबर यकृताचंही काय होतं ते हळूहळू कळलं.

या सगळ्या औषधांमध्ये एक गोष्ट समान होती. ती भरपूर द्यावी लागायची. १९६१ मध्ये आलेलं थायाबेंडाझोल तेव्हा फार आधुनिक मानलं गेलं, तेसुद्धा जनावराच्या दर किलोला पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त द्यायचे. बाटली थोडी इकडे-तिकडे झाली तरी फार बिघडायचं नाही. शेतकऱ्याचा हात त्या अंदाजाला सरावलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे आलं ते पूर्ण वेगळ्या मापाचं होतं.

सातोशी ओमुरा. जन्म १९३५, जपानमधल्या यामानाशी भागातलं शेतकरी कुटुंब. हा माणूस सुरुवातीला टोकियोत रात्रशाळेत शिकवायचा. पुढे कितासातो इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि मातीतले जिवाणू गोळा करायचं काम त्याने हाती घेतलं. ओमुरा आणि त्याचे सहकारी जिथे जातील तिथून चिमूटभर माती पिशवीत भरून आणायचे. १९७३ मध्ये त्याचा मर्क या अमेरिकन कंपनीशी करार झाला: आम्ही जिवाणू पाठवतो, तुम्ही त्यांच्यातून काही औषध निघतं का बघा. त्या पाठवलेल्या नमुन्यांमध्ये एक होता शिझुओका प्रांतातल्या इतो गावच्या कावाना गोल्फ कोर्सजवळच्या मातीतला.

तिकडे न्यू जर्सीत विल्यम कॅम्पबेल नावाचा मूळचा आयरिश माणूस जंत झालेल्या उंदरांना या जिवाणूंचे अर्क खायला घालत होता. १९७५ मध्ये या गोल्फ कोर्सवाल्या नमुन्याने उंदराच्या पोटातले जंत साफ केले. त्यातलं द्रव्य म्हणजे अ‍ॅव्हरमेक्टिन. त्याच्या रेणूत थोडा बदल करून जे जास्त सुरक्षित रूप बनवलं ते आयव्हरमेक्टिन, १९८१ पासून जनावरांसाठी बाजारात. पुढे हेच औषध आफ्रिकेतल्या रिव्हर ब्लाइंडनेसवर चाललं. १९८७ मध्ये मर्कने ते त्या आजारासाठी फुकट द्यायचं जाहीर केलं, आणि २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट बहुतेकांना इथपर्यंत माहीत असते. (आणि काहींना हे नाव कोविडमुळे माहीत असेल. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याची घोषणा झाली होती, आठवतंय? तो वेगळा विषय, आज नको.)

आता माप बघा. गायीला, मेंढीला या औषधाचा डोस दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. थायाबेंडाझोलशी तुलना केली तर अडीचशेपट कमी! इतक्या कमी औषधात पोटातले गोल कृमी, फुप्फुसातले कृमी, कातडीतले लुतेचे किडे, सगळं जातं. शेतकऱ्यांना हे जादूसारखं वाटलं यात नवल नाही. आणि जादूची बाटली घरात असली की माणूस ती आजूबाजूच्या सगळ्यांवर वापरून बघतो. मेंढ्यांच्या वाड्यावर मेंढ्यांशिवाय आणखी कोण असतं? कुत्रा.

कुत्र्यांसाठीचं आयव्हरमेक्टिन तेव्हा बाजारात नव्हतंच. मग अमेरिकेत काही पशुवैद्यकांनी आणि बऱ्याच मालकांनी गायी-घोड्यांचं औषध वजनाच्या हिशोबाने कमी करून कुत्र्यांना द्यायला सुरुवात केली. आपल्या श्रोत्याने मांडलं तेच त्रैराशिक. बहुतेक कुत्र्यांना काही झालं नाही. उलट लूत गेली, जंत गेले, सगळे खूश.

आणि मग कॉली.

कॉली म्हणजे लांब तोंडाचा, दाट केसांचा, मूळचा स्कॉटलंडकडचा मेंढपाळांचा कुत्रा. सिनेमातली लॅसी आठवत असेल तर तोच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा बातम्या यायला लागल्या की तोच डोस दिल्यावर कॉली लाळ गाळतायत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतायत, चालताना झोकांड्या जातायत, दिसेनासं होतंय, मग पडून राहतायत आणि कोमात जातायत. काही मेले. जे वाचले त्यांना दिवसच्या दिवस, कधी आठवडे, सलाइनवर आणि कुशीवर वळवत जगवावं लागलं. उतारा नव्हता. आजही नाही.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. सगळे कॉली आजारी पडत नव्हते. एकाच मालकाचे दोन, एकाच बाटलीतून, एकाच मापाने. एक मजेत, दुसरा कोमात. त्यामुळे पहिला संशय नेहमीप्रमाणे माणसांवर गेला: माप चुकलं असेल, वजन चुकलं असेल, बाटली नीट हलवली नसेल. मग कॉलींवर मोजूनमापून प्रयोग झाले. माप चुकलेलं नव्हतं. काही कॉलींना दर किलोला १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की त्रास व्हायचा, म्हणजे गायीच्या डोसच्या निम्म्यावरच. साधा कुत्रा मात्र एका वेळी २,००० मायक्रोग्रॅमपर्यंत सहसा काही न दाखवता सहन करायचा. एकाच जातीच्या प्राण्यात वीसपट फरक! का, ते कुणालाच सांगता येईना. पशुवैद्यकांनी अनुभवावरून एक म्हण मात्र तयार केली, साधारण अशी: पाय पांढरे असतील तर औषध देऊ नका.

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो कुत्र्यांकडून नाही, उंदरांकडून. १९९४, अ‍ॅमस्टरडॅमची कॅन्सर संशोधन संस्था. तिथे आल्फ्रेड शिंकेल आणि त्याचे सहकारी पेशींमधल्या एका पंपावर काम करत होते. हा पंप म्हणजे पेशीच्या भिंतीवरचं एक प्रथिन, पी-ग्लायकोप्रोटीन. नको असलेली द्रव्यं आत शिरली की हा त्यांना गचांडी धरून बाहेर काढतो. कॅन्सरच्या गाठी याच पंपाने औषध बाहेर फेकतात, म्हणून त्यांना त्यात रस. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात या पंपाचं जनुकच बंद होतं. उंदीर ठणठणीत. पंप नसला तरी काही बिघडत नाही की काय, असं वाटावं इतके ठणठणीत.

मग उंदरांच्या पिंजऱ्यांत किडे झाले. प्रयोगशाळेत हे होतंच. नेहमीप्रमाणे पिंजऱ्यांवर औषध फवारलं. औषध कुठलं? आयव्हरमेक्टिन. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले जवळजवळ सगळे मेले.

शोध बघा कसा लागतो. कुणी तो प्रयोग ठरवून केलेला नव्हता, साफसफाई चालली होती. नंतर मोजलं तेव्हा कळलं की हे उंदीर आयव्हरमेक्टिनला साध्या उंदरांपेक्षा जवळपास शंभरपट हळवे आहेत, आणि त्यांच्या मेंदूत औषधाचा साठा झालेला आहे. आयव्हरमेक्टिन जंतांच्या मज्जातंतूंना लुळं करतं. तसलंच काम ते आपल्या मेंदूतही करू शकतं, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीवर हा पंप द्वारपालासारखा उभा असतो आणि औषधाला आत येऊ देत नाही. म्हणजे गाय, घोडा, माणूस, साधा कुत्रा यांना हे औषध सोसतं ते या द्वारपालामुळे. द्वारपाल नसेल तर जंताचं जे होतं तेच आपलं होतं.

तिथून कॉलीपर्यंत यायला आणखी सात वर्षं गेली. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कत्रिना मीली आणि सहकाऱ्यांनी कॉलींचं तेच जनुक वाचलं. एमडीआर-१ त्याचं नाव. हळव्या कॉलींमध्ये त्या जनुकातली चार अक्षरं गायब होती. फक्त चार. पण मधलीच अक्षरं गेल्यामुळे पुढचं सगळं वाक्य निरर्थक झालं आणि पंप अर्धवटच तयार होऊ लागला. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तर कुत्रा हळवा. दोघांपैकी एकाचीच आली तर बराचसा ठीक. एका घरातले दोन कॉली, एक मजेत आणि एक कोमात, याचा उलगडा असा झाला.

२००४ मध्ये आणखी एक भन्नाट गोष्ट बाहेर आली. हीच चार अक्षरं कॉलीशिवाय इतरही जातींमध्ये गायब सापडली: ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग, ओल्ड इंग्लिश शीपडॉग, आणि चक्क लांब केसांच्या व्हिपेटमध्येही. जनुकाच्या आजूबाजूचा मजकूरही तोच. म्हणजे हा बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा झालेला नाही. तो एकाच कुत्र्यात झाला, ग्रेट ब्रिटनमध्ये, १८७३ च्या आधी कधीतरी. १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब स्थापन झाला आणि शुद्ध जातींच्या वह्या भरायला सुरुवात झाली. त्याआधी कुठल्याशा कुरणावर मेंढ्या राखणारा एक कुत्रा होता. त्याच्या अंगात ही चूक होती, आणि ती त्याला आयुष्यात कधी नडली नाही, कारण आयव्हरमेक्टिन जन्माला यायला अजून शंभर वर्षं होती. कामाचा कुत्रा असेल, चांगला असेल, म्हणून त्याची पिल्लं सगळ्यांनी नेली. पुढे जाती शुद्ध ठेवायच्या म्हणून नात्यातल्या नात्यात वीण झाली आणि चूक पसरली. आज दहापैकी सात कॉलींच्या अंगात तिची निदान एक प्रत असते. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणतात त्या जर्मन शेफर्डमध्येही ती काही प्रमाणात आहे.

मला यातली खरी खंत ही वाटते: ज्या कुत्र्यांना मेंढ्यांचं औषध सगळ्यात जास्त धोक्याचं, तीच कुत्री मेंढ्यांबरोबर जगतात. मालकाने औषध दिलं नाही तरी औषध पाजलेल्या जनावराचं शेण किंवा घोड्याच्या तोंडातून सांडलेली पेस्ट चाटून हळवी कुत्री आजारी पडलेली आहेत, कारण हे औषध शरीरातून बरंचसं शेणावाटेच बाहेर जातं.

आता माप. १९८७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी आयव्हरमेक्टिनची महिन्याला एक अशी गोळी मंजूर झाली, डासांमधून येणाऱ्या हृदयातल्या जंताला रोखण्यासाठी. तिचा डोस किती? दर किलोला ६ मायक्रोग्रॅम. गायीला २००, कुत्र्याला ६. हा आकडा इतका छोटा आहे की हळव्या कॉलीलाही तो चालतो. तर आपल्या श्रोत्याच्या १५ किलोच्या कुत्र्याला या हिशोबाने ९० मायक्रोग्रॅम लागतील. १ टक्क्याच्या बाटलीत दर मिलीला १०,००० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे ०.००९ मिली. हे कुठल्या सिरिंजने मोजणार? एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर त्या एका थेंबातच पाचपटीहून जास्त औषध झालं. आणि ०.३ च्या जागी चुकून ३ मिली भरलं, दशांश चिन्ह एक घर सरकलं, तर आपण साध्या कुत्र्याच्याही सहनशक्तीच्या काठावर जाऊन उभे राहतो. गायीच्या बाबतीत तीन मिली म्हणजे निम्मा डोस. बाटली तीनशे किलोच्या जनावरासाठी बनवलेली आहे, तिच्यात चुकीला जागा तेवढ्या वजनाच्या हिशोबाने ठेवलेली आहे.

इथे कुणी म्हणेल, आमचे डॉक्टर तर लुतेच्या कुत्र्याला हीच सुई देतात. देतात, खरं आहे. कातडीच्या किड्यांसाठी दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, जात बघून, वजन करून, बऱ्याचदा कमी मात्रेपासून चढवत नेऊन. गल्लीतल्या लूत लागलेल्या कुत्र्यांवर या औषधाचे मोठे उपकार आहेत. फक्त समोरच्या कुत्र्याच्या आज्या-पणज्यांमध्ये कोण येऊन गेलंय हे डॉक्टर निदान विचारात घेतात. गायीच्या लेबलवर तो प्रश्नच नसतो.

बरं, मग "नेहमी कमी द्यायचं" एवढंच लक्षात ठेवलं तर? तेही नाही. फेनबेंडाझोल घ्या. गायीला, शेळीला दर किलोला ५ मिलिग्रॅम, एकदा. कुत्र्याला ५० मिलिग्रॅम, तेही सलग तीन दिवस! दहापट आणि तिप्पट दिवस. कारण गाय रवंथ करते. तिच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठी टाकीच. औषध त्या टाकीत साठतं, हळूहळू पुढे सरकतं आणि जंतांना दिवसच्या दिवस भेटत राहतं. कुत्र्याचं आतडं छोटं, आत गेलेलं भराभर बाहेर. टाकी नाही, म्हणून रोज पुन्हा द्यावं लागतं. हेच त्रैराशिक इथे लावलं तर १५ किलोच्या कुत्र्याला एकदा ७५ मिलिग्रॅम मिळतील, लागतात रोज ७५०. कुत्र्याला काही होणार नाही, जंतांनाही काही होणार नाही. कुत्रा म्हणजे छोटी गाय नव्हे, हे दोन्ही बाजूंनी खरं आहे.

आणखी एक. गुरांच्या बाटलीत पुष्कळदा एकटं आयव्हरमेक्टिन नसतंच. यकृतातल्या कृमींसाठी म्हणून दुसरं औषध मिसळलेलं असतं. त्यातलं क्लोसँटेल जास्त झालं तर कुत्र्याचे डोळे जाऊ शकतात. लिव्हॅमिसोल कुत्र्याला फार जपून द्यावं लागतं. म्हणून पुढचं ठळक नाव वाचून थांबू नका, मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा.

आणि चुकून दिलंच गेलं असेल तर वाट बघू नका. लाळ, झोकांड्या, अंधुक दिसणं ही लक्षणं काही तासांनीही सुरू होतात. बाटली हातात घेऊन, किती आणि कधी दिलं ते लिहून, सरळ डॉक्टरकडे जा. घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका. उतारा नसला तरी वेळेवर सुरू झालेल्या शुश्रूषेने कुत्री वाचतात.

आता आपला श्रोता. त्याला मी एवढंच लिहिलं की आज काही देऊ नको. आधी कुत्र्याचं वजन कर, त्याला उचलून काट्यावर उभा राहा आणि त्यातून तुझं वजन वजा कर. शी कशी होते ते बघ, जमलं तर फोटो काढ आणि डॉक्टरांना पाठव. दोन दिवसांनी उत्तर आलं. कुत्रा १५ किलोचा नव्हताच, ११ भरला. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण चिकटलेले होते. डॉक्टरांनी फोटो बघूनच सांगितलं, फीतकृमी. आयव्हरमेक्टिनने फीतकृमीचं काहीही होत नाही, गायीच्या डोसनेही नाही आणि त्याच्या दहापटीनेही नाही. त्याला प्राझिक्वांटेलची गोळी लागते, ती वजनाप्रमाणे दिली. सोबत पिसवांचं औषधही लिहून दिलंय, कारण ही फीतकृमी कुत्र्याने अंग चावताना गिळलेल्या पिसवांमधून पोटात जाते.